माहेरची चौकशी

भिवंडीजवळच्या कोन गावात कुणाच्या मुलीची सुपारी फुटायची असली की आधी पार्वतीला सांगावा जायचा. मुलाकडे जमीन किती, गाळे किती, भाडं किती येतं, हे पुरुषमंडळी ओटीवर बसून विचारून घ्यायचीच. पण ते झालं चहापोह्यांचं विचारणं. खरं काय ते पार्वती आणायची. डोक्यावर सुकटीची पाटी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, आणि मुलाच्या गावात शिरायचं ते मागच्या अंगाने. पुढच्या दारात लोक पाहुण्यांशी बोलतात, मागच्या दारात सुकटवालीशी, आणि सुकटवालीशी खोटं बोलायचं कुणाला सुचतच नाही, असं तिचं म्हणणं. मापावर मूठभर जवळा जास्त टाकला की बाई आपणहून सुरू होते.

तरुणपणी तिने खरोखरच सुकट विकली होती. माहेर खाडीकाठचं, कशेळीहून आत. तिथून पाटी घेऊन ती भिवंडीच्या बाजारात यायची. आता मुलाची गोडाऊनं होती, दुमजली घर होतं, दारात गाडी होती. पाटीची गरज उरली नव्हती, तरी ती पाटी जिन्याखाली जपून ठेवलेली असायची आणि सोयरिकीच्या मोसमात बाहेर निघायची.

तिच्या विचारण्याची एक रीत होती. मुलगा कसा आहे, असं ती कधी विचारत नसे. त्यांच्याकडे कामाला बाई टिकते का? आळीतली पोरं त्यांच्या अंगणात खेळतात का? म्हातारीला कोण जेवायला वाढतं? असले आडवे प्रश्न. आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत समोरची बाई ‘चांगला हाय, चांगला हाय’ म्हणाली, तर पार्वती पाटी उचलून थेट घरी यायची आणि सांगायची, "पोरगी द्यायची न्हाय." एकदा एका इंजिनिअर मुलाला तिने असंच मोडीत काढलं होतं. त्याचा पाळलेला कुत्रा त्याची चाहूल लागताच खाटेखाली शिरतो, एवढंच तिने बघितलं होतं. मुलीचा बाप चिडला, भावकीत तोंडं वाकडी झाली. त्या मुलाने पुढे जिच्याशी लग्न केलं ती वर्षाच्या आत मार खाऊन माहेरी आली, तेव्हा कुठे लोकांची तोंडं सरळ झाली. पार्वती कुणाला काही म्हणाली नाही. पण त्या आठवड्यात ती गावातून जरा जास्तच फिरली, हे खरं.

तिची सून दिपाली. तिने घराच्या तळमजल्यावर पाळणाघर काढलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊनं, त्यांत पॅकिंगला शेकड्यांनी बायका, आणि त्यांची पोरं मात्र कधी शेजारणीकडे, कधी दाराला कडी लावून घरात. दिपालीने हॉल रंगवून घेतला, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, दोन मावश्या ठेवल्या. पार्वती आधी नाराज होती. लोकांची शेंबडी पोरं आपल्या हॉलात कशाला, असं तिचं चाललं होतं. महिनाभरात ती ‘माझं पाळणाघर’ म्हणायला लागली. रडकं पोर मांडीवर घ्यावं तर तिनेच. दुपारी सगळ्यांना निजवताना तिचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावर तिचा मुलगा पंढरीही घोरायला लागायचा.

पाळणाघर कायद्याने चालवायचं तर नियम आले. मुलांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची चौकशी झाली पाहिजे, मग ती शाळा असो, वसतिगृह असो की पाळणाघर. दिपालीने स्वतःची करून घेतली, मावश्यांची केली, आणि सासूचीही केली.

"माझी?" पार्वती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आख्ख्या तालुक्याची चौकशी मी करते आणि माझी चौकशी कुणी कालपरवा भरती झालेला पोलीस करणार?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, आई," दिपाली म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे आणि तिचं म्हणणं कधी बदलत नसे. पार्वतीला सुनेची हीच गोष्ट खुपायची आणि हीच आवडायची.

पोलीस आला, त्याने शेजारच्या चंद्राला विचारलं, ही बाई कशी आहे? चंद्रा म्हणाली, "बाकी सगळी चांगली, तोंड तेवढं लई चालतं." पोलिसाने ते लिहून घेतलं नाही. पार्वती मात्र ते गावभर सांगत सुटली, आणि आपल्यावर काही गुन्हा नसल्याचा दाखला तिने चौकट करून गणपतीच्या शेजारी लावला.

अशा घरात धनेशचा विषय निघाला. धनेश म्हणजे पार्वतीच्या धाकट्या भावाचा, काळूरामचा मुलगा. भाऊबीजेला काळूराम आला, ओवाळून झालं, आणि सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बाय, यंदा मीच तुझ्याकडं काय तरी मागतो. पोराला तुझ्या पायाशी घे. गावात राहून बिघडतोय. गाडी चांगली चालवतो."

पाळणाघराला गाडी हवीच होती. सकाळच्या शिफ्टच्या बायांना पोरं सोडायला यायला वेळ नसायचा. पंढरीने जुनी व्हॅन घेऊन ठेवली होती, फक्त चालवायला भरवशाचा माणूस नव्हता. पार्वतीने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. "माझ्या माहेरचं माणूस असताना बाहेरचा कशाला शोधायचा?"

दिपाली एवढंच म्हणाली, "पडताळणी होऊ दे, मग गाडीवर बसू दे."

पडताळणी झाली. दाखला आला. धनेशवर कुठेही, कसलाही गुन्हा नोंदलेला नाही. पार्वतीने पेढे मागवले. कागद सुनेच्या समोर धरून ती म्हणाली, "बघ. धुतल्या तांदळासारखा हाय माझा भाचा."

दिपालीने पेढा खाल्ला, कागद फाईलला लावला आणि म्हणाली, "हे अर्धं झालं."

"आता काय ऱ्हायलं?"

"नियमात दोन गोष्टी आहेत, आई. पोलीस पडताळणी, ती झाली. दुसरी पार्श्वभूमीची चौकशी. महिला-बालविकास ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या ती ज्या त्या संस्थेने करायची. माणूस राहतो कुठे, लोकांशी वागतो कसा, पोरं त्याच्याजवळ जातात का. मावश्यांची मी केली, त्या इथल्याच आहेत. पण परगावच्या माणसाची मला कुठे करता येते? ती कोनमध्ये एकाच माणसाला येते."

पार्वती आधी फुगली. सुनेने आपल्याला मानलं, याचा आनंद तिच्या तोंडावर लख्ख दिसला. मग एकदम तिच्या लक्षात आलं की कुणाच्या गावात जायचं आहे.

"माझ्या माहेरात? पाटी घेऊन?"

"सोयरीक असती तर नुसत्या कागदावर हो म्हणाला असतात का?"

"सोयरीक परक्यांची बघतात!" पार्वती कडाडली. "आपल्या घराची कुणी चौकशी करतं काय? माझ्या बापाच्या घरावर मी संशय घेऊ?"

आणि हे काही तिचं एकटीचं मत नव्हतं. सगळ्या गावांची तीच रीत होती. चौकशी करायची ती दुसऱ्या गावची, दुसऱ्या भावकीची. आपलं माणूस आपलं आहे एवढ्यावरच चांगलं ठरायचं. पार्वतीने इतक्या वर्षांत इतकी गावं पालथी घातली, पण खाडीकाठच्या त्या एका गावात ती फक्त साडीचोळी घ्यायला गेली होती.

दोन दिवस ती सुनेशी बोलली नाही. ताट आपटून ठेवायची, चहा स्वतःचा स्वतः करायची. व्हॅन दारात धुऊन पुसून उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुन्नाची आई आली. बिहारकडची बाई, नवरा पॉवरलूमवर कामाला, ती गोडाऊनमध्ये. तिने मुन्नाला पार्वतीच्या मांडीवर दिलं, घड्याळ बघितलं आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "मौसी, आप हैं तो मेरे को टेन्शन नहीं. अब गाडी भी आ रही है ना? तो घर से ही भेज दूँगी." आणि ती पळाली. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मुन्ना पार्वतीचं बोट तोंडात घालून बसला. पार्वती त्याच्याकडे बघत राहिली. या बाईने माझं गाव बघितलं नाही, माझी भावकी बघितली नाही, आणि पोर देऊन गेली. आम्ही मुलगी देताना मागच्या दाराने गाव हुंगून येतो आणि ही बिचारी पुढच्या दारातूनच पळते, कारण हिला शिफ्ट गाठायची आहे. हिच्यासाठी पाटी कोण उचलणार?

"दिपाली!" तिने आतूनच हाक मारली. "जिन्याखालची पाटी काढ. नि वरनं काय बोलायचं न्हाय. मी जाऊन येते आणि तुझं तोंड कायमचं बंद करते."

रागातच निघाली ती. भाचा चांगलाच निघणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. कल्याण नाक्यावर तिने रिक्षा बदलली, अंजूर फाट्यापर्यंत पाटी मांडीवर धरून बसली आणि ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर रिक्षावाल्यालाही चार शब्द सुनावले. गावाच्या वेशीशी उतरून तिने पाटी डोक्यावर घेतली. चुंबळ नीट बसवताना क्षणभर तिलाच कसंतरी झालं. माहेरवाशीण गावात शिरते ती हातात पिशवी घेऊन, पुढच्या रस्त्याने. ती वळली ती मागच्या बांधावरून.

पहिल्याच घरात गोंधळ उडाला. "अगं पार्वतीआत्या! आणि पाटी गं कसली?" चहा आला, पाट आला, पंखा लागला. पार्वतीने जवळा मापता मापता आडवा प्रश्न टाकला, "आमच्या धनेशच्या गाडीत पोरं बसतात का गं आळीतली?"

"चांगला हाय धनेश," ती सून म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत.

पार्वतीच्या हातातलं माप क्षणभर अडलं. पण तिने मनाची समजूत घातली. माहेरवाशिणीला कोण कडू सांगेल? गोडच बोलणार लोक.

दुसऱ्या घरात म्हातारी होती. तिने धनेशचं नाव ऐकल्यावर सुकटीचा भाव विचारला. भाव सांगून झाल्यावर पुन्हा भावच विचारला. तिसऱ्या घरात मधली सून पदर खोचत म्हणाली, "चांगला हाय की, चांगला हाय," आणि अंगणात खेळणाऱ्या आपल्या मुलीला हाताला धरून आत घेऊन गेली.

आता पार्वतीला समजूत घालता येईना. परक्या गावात हे ऐकलं असतं तर ती एव्हाना परतीच्या रिक्षात असती. इथे मात्र तिचे पाय पुढे जात होते, कारण तिला अजून वाटत होतं की कुणीतरी हसून सांगेल, अगं, त्याने कुणाचं कोंबडं मारलं होतं, म्हणून लोक रागावलेत. तसं काहीतरी असावं, असं तिने अगदी मनापासून मागितलं.

गावाच्या टोकाला, खाडीच्या बांधाला लागून राहीबाईचं घर. लहानपणी दोघी मिठागरात बरोबर कामाला जायच्या. राहीबाईने पाटी बघितली, मग पार्वतीचं तोंड बघितलं. ती चहा ठेवायला उठली नाही.

"पार्वती, तू पाटी घेऊन कधी फिरतेस ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "कुणाची सोयरीक?"

"धनेशची."

"पोरगी कुणाची?"

"एक न्हाय, राही. घरभर पोरं हायेत. माझं पाळणाघर हाय, सूनबाईचं. तिथं त्यांना गाडीतनं न्यायचं-आणायचं काम देतेय त्याला."

राहीबाईने ओंजळीत घेतलेला जवळा परत पाटीत टाकला. "आत ये," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

राहीबाईला एक नात होती. शाळेत जाणारी. तिचं नाव इथे घ्यायचं कारण नाही. क्लासवरून येताना धनेश तिला टेम्पोत बसवून घरी सोडायचा, गावचाच पोरगा म्हणून कुणी काही मनात आणलं नाही. मग एक दिवस पोरगी टेम्पोत बसेना. मग क्लासला जाईना. मग आईच्या कुशीत तोंड लपवून बोलली. धनेशने तिच्या अंगाला हात घातला होता, आणि एकदाच नाही.

"माझी सून रडत तुझ्या भावाच्या दारात गेली," राहीबाई सांगत होती. तिचा आवाज सपाट होता. "गावकी बसली. धनेशने गावदेवीपुढं नारळ फोडला, कान धरले. ठरलं की गावातलं गावात ऱ्हायलं पाहिजे, पोलिसात कुणी जायचं न्हाय, पोरीचंच नाव खराब होईल. काळूराम बोलला, मी त्याला गावातनं लांब कामाला पाठवतो. कुठं पाठवतो ते आम्हाला कुणी सांगितलं न्हाय गं."

आतल्या पडद्यामागे एक छोटी सावली हलली आणि थांबली. पार्वतीने तिला हाक मारली नाही. जे पोरीने एकदा सांगितलं ते पुन्हा सांगायला लावण्याएवढी ती वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे दुसरंच येत होतं. धुऊन पुसून उभी असलेली व्हॅन, आणि मागे न बघता पळणारी मुन्नाची आई. तिला लाज वाटली. एवढी वर्षं ती गावोगावच्या मुलांचे दोष वेचत होती, आणि आपल्या भाच्याला कोऱ्या कागदावर पेढे वाटून बसली होती. कागद खोटा नव्हता. गावाने कुणाला लिहूच दिलं नव्हतं, तर त्यावर उमटणार काय?

लाज तिच्यात फार वेळ टिकत नसे. तिची जागा रागाने घेतली, आणि राग आला की पार्वतीला बरं वाटायचं. तिने कमरेचा फोन काढून सुनेला लावला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून दिपाली आपल्या त्याच न चढणाऱ्या आवाजात म्हणाली, "आई, आता तुम्हाला कळलंय. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं, असा कायदाच आहे. मुलीचं नाव बाहेर जात नाही. तिला पोलीस ठाण्यात न्यायचीही गरज नाही. बाई ऑफिसर साध्या कपड्यांत घरी येते, आईला शेजारी बसवून विचारते. तिच्या आईची तयारी आहे का विचारा. मी निघते."

राहीबाईची सून दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आम्ही बोललो तर गाव आम्हाला वाळीत टाकेल, आत्या," ती म्हणाली.

"तू बोलू नको. पहिलं मी बोलते," पार्वती म्हणाली. "गावाला वाळीत टाकायचं तर मला टाकू दे. मी ऱ्हाते कोनला. मला काय फरक पडतो?" हे काही खरं नव्हतं. फरक पडणार होता, आणि तिघींनाही ते ठाऊक होतं. पण ती ज्या ठसक्यात म्हणाली, त्याने त्या सुनेने पदराने डोळे पुसले आणि पायात चपला सरकवल्या.

"तू वेशीवर थांब," पार्वती म्हणाली. "मला एका घरी जायचंय."

या वेळी ती पुढच्या रस्त्याने गेली. डोक्यावर पाटी, भर दुपार, आणि बापाच्या घराचं पुढचं दार. काळूराम झोपाळ्यावर होता. बहिणीला पाटीसकट बघून तो झटकन उठला. "बाय, हे काय? लोक काय बोलतील? आत ये आधी."

"आत न्हाय येत," पार्वती म्हणाली. "तुला ठाऊक होतं, काळू?"

काळूरामला काय, हे विचारायची गरज पडली नाही. त्याची मान खाली गेली, आणि तिथेच पार्वतीची शेवटची आशाही गेली.

"पोरगा हाय माझा," तो हळू म्हणाला. "चुकला. नारळ फोडला त्याने. मला वाटलं, तुझ्याकडं ऱ्हायला तर तुझी नजर ऱ्हाईल त्याच्यावर. तुझ्या नजरेतनं काय सुटत न्हाय."

"म्हणून पोरांत सोडलास त्याला?" तिचा आवाज फुटला. "माझ्या मांडीवर ती पोरं झोपतात रे! राखणीला मी, आणि ज्याच्यापासनं राखायचं त्याच्याच हातात गाडीची चावी? नि मला सांगायचंसुद्धा न्हाय?"

शेजारच्या ओट्यांवर माणसं जमली. ज्या सुना मागच्या दारात ‘चांगला हाय’ म्हणाल्या होत्या त्या आता पुढच्या दारांत उभ्या होत्या. काळूरामने हात जोडले. "बाय, घरातलं घरात ऱ्हाऊ दे. तू पोलिसात गेलीस तर हे दार बंद होईल तुला. भाऊबीज संपली असं समज."

पार्वतीने घराकडे एकदा बघितलं. त्या उंबऱ्यावरूनच तिची पाठवणी झाली होती. बाळंतपणं या घरात झाली होती, आई याच ओटीवर गेली होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. डोळे पुसून तिने पाटी खाली ठेवली, थेट त्याच्या उंबऱ्यावर.

"सुकट ठेव तुला," ती म्हणाली. "पाटी माझी हाय, ती नंतर नेईन."

आणि ती वेशीकडे चालू लागली. ओट्यावरच्या एका सुनेने आपल्या मुलीला कडेवर घेतलं आणि थोडं अंतर ठेवून ती मागून यायला लागली. मग आणखी एक.

वेशीवर दिपाली पंढरीची गाडी घेऊन आली होती. पोलीस ठाण्यात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी राहीबाईच्या सुनेला पाणी दिलं, बसायला दिलं आणि सांगितलं, मुलीशी बोलायला मी स्वतः घरी येईन, युनिफॉर्म न घालता, तिला शाळेतून बोलवू नका. मग त्या पार्वतीकडे वळल्या. पार्वतीने पाळणाघरापासून सगळं सांगितलं, न अडखळता, जशी ती सोयरिकीच्या बैठकीत सांगायची. टाइप करणारा हवालदार मध्येच तिच्याकडे बघत होता.

"पण बाई," तो म्हणाला, "या मुलाचा दाखला तर आत्ताच दिलाय आम्ही. त्याच्यावर काहीच नाही."

"कसं असंल?" पार्वती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी मिळून तो कोरा ठेवला. तुमच्या कॉम्प्युटरला काय सपान पडणार हाय?"

अधिकारी बाईंनी हवालदाराला पुढे लिहायची खूण केली. माहिती देणाऱ्याचं नाव झालं, गाव झालं. मग त्यांनी विचारलं, "आरोपीशी तुमची ओळख? कुणी ओळखीचे, शेजारी?"

पार्वतीने दिपालीकडे बघितलं. सुनेने काही खूण केली नाही, नुसता तिचा हात धरला.

"सख्खी आत्या," पार्वती म्हणाली.

हवालदाराची बोटं थांबली. अधिकारी बाईंनीही मान वर केली. "आजी, नीट विचार करून सांगा. हे एकदा नोंदलं की मागे घेता येत नाही."

"तेच तर पाहिजे मला," पार्वती म्हणाली. "नारळ फोडून मागं घेता येतं, ते बघितलंय मी. लिवा. पुढल्या वेळी कुणी पोराबाळांसाठी त्याची चौकशी केली तर कागद कोरा यायचा न्हाय. आणि खाली लिवा, सांगणारी कोण. सख्खी आत्या."